दुधाचा कोटा गेला, शेणाचा आला

परवा आमच्या आप्पांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ‘युरोपने 2015 ला दुधाचा कोटा उठवला. भाव वाढले, शेतकरी मालामाल, सरकारचा एक पैसा लागला नाही. आयर्लंड बघा, हॉलंड बघा! तुम्हीही गाई वाढवा.’ एरवी असलं मी उघडतसुद्धा नाही. पण आप्पांच्या गोठ्यात बारा गाई आहेत आणि आणखी आठ घ्यायला ते बँकेत विचारून आलेत.

कोटा 1984 मध्ये लागला आणि 31 मार्च 2015 ला संपला, एवढं खरं. मापापेक्षा जास्त दूध घातलं की दंड. आणला होता तो सरकारी गोदामांत लोण्याचे ढीग लागले म्हणून.

भाव वाढले म्हणे! युरोपीय आयोग दर महिन्याचा सरासरी भाव स्वतःच जाहीर करतो. 2014 च्या सुरुवातीला किलोला 40 सेंट, जुलै 2016 मध्ये 26 सेंटच्याही खाली. सगळं पाप कोट्याच्या माथी मारत नाही; ऑगस्ट 2014 मध्ये रशियाने युरोपचा माल बंद केला, चीनची भुकटीची खरेदीही आटली. पण गिऱ्हाईक कमी आणि दूध जास्त, मग भाव कुठून चढणार?

‘एक पैसा लागला नाही’ हे तर धडधडीत खोटं. साडेतीन लाख टनांवर भुकटी सरकारी पैशातून उचलली आणि पडेल भावात 2019 पर्यंत विकत बसले. 2016 च्या शेवटी दूध कमी घालणाऱ्याला किलोमागे 14 सेंट दिले. न काढलेल्या दुधाचे पैसे!

आता हॉलंड. कोटा जाणार म्हणून तिथल्यांनी आधीच कर्ज काढून गोठे बांधले, कालवडी राखल्या. दूध वाढलं, तसं शेणही वाढलं. जनावरांच्या शेणामुतातून वर्षाला किती फॉस्फेट (खतातलं स्फुरद, अती झालं की पाणी नासवणारं) निघावं याला तिथे देशभराची मर्यादा तेव्हा 17.29 कोटी किलो होती. ती 2015 मध्येच ओलांडली. मग 2017 मध्ये कळप कमी करायला लावले. लाखावर गाई घटल्या, कितीतरी थेट कत्तलखान्यात गेल्या. 2018 पासून प्रत्येक गोठ्याला फॉस्फेटचा हक्क ठरवून दिला. गाय वाढवायची तर तो दुसऱ्याकडून विकत घ्या. गाय गेली तरी गोठ्याचा हप्ता काही जात नाही. आप्पा, हॉलंड खरंच बघा.

आयर्लंडचं मान्य करतो, नाइलाजाने. तिथे दूध चाळीस टक्क्यांहून जास्त वाढलं आणि बऱ्याच जणांचं भलंही झालं. पण तिथली गाय वर्षातला बराच काळ रानातल्या गवतावर असते, आप्पांची विकतच्या मुरघासावर आणि पेंडीवर. त्यात तिथेही शेणखतातून रानात किती नायट्रोजन जावा याची सवलतीची मर्यादा 2024 पासून बऱ्याच भागांत हेक्टरी 250 वरून 220 किलोवर आली.

आणि आपल्याकडे कोटा होता कधी? तरी 2024 मध्ये राज्य सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलंच.

फोन करून विचारलं, आठ गाईंचं शेण टाकणार कुठे? म्हणाले, “आपल्याकडे शेण ट्रॉलीने विकलं जातं रे.” तेही खरंच. मग दुधाचा हिशेब मांडला. लिटरला 28 धरले तर बँकेचा हप्ता निघेना.

आप्पा म्हणाले, “35 धर.”