पाय आत होता, पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

टूर्नामेंटमधल्या दारू-गांजाबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं, टीममधल्या काही जणांना राग येईल म्हणून गप्प होते. पण गेल्या टूर्नामेंटनंतर आता राहवत नाही.

मी अल्टिमेट खेळते, म्हणजे फ्रिस्बीचा सात-सात जणांचा खेळ. बारा वर्षं झाली, सध्या टीमची स्पिरिट कॅप्टन आहे, म्हणजे टीम खिलाडूवृत्तीने खेळतेय ना हे बघणारी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आमच्या खेळात रेफरी नसतो. अमेरिकेतल्या प्रो लीगमध्ये असतो, तो भाग वेगळा, पण बाकी अगदी वर्ल्ड चॅम्पियनशिपलासुद्धा फाउल झाला की खेळाडूच कॉल देतो, समोरच्याला पटलं नाही की तो 'कॉन्टेस्ट' म्हणतो, दोघं थोडं बोलतात आणि नाहीच जुळलं तर डिस्क (म्हणजे फ्रिस्बी) ज्याने फेकली त्या थ्रोअरकडे परत जाते. 1968 मध्ये न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या पोरांनी हा खेळ सुरू केला. आज आयओसीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता आहे, आणि तरीसुद्धा सगळा कारभार अजून खेळाडूच्या शब्दावर चालतो. मला तर या खेळाचं वेड लागलं तेच यामुळे.

आता झालं काय ते सांगते. सेमीफायनल, 14-14, पुढचा पॉइंट घेईल तो जिंकला. आमच्या एका पोराने एंडझोनच्या (जिथे कॅच घेतला की पॉइंट मिळतो तो भाग) कडेला उडी मारून कॅच घेतला आणि 'इन' म्हणाला. मी साइडलाइनला तिथेच उभी होते, त्याचा पाय चक्क आत पडला होता, लाइनपासून चार बोटं आत. समोरची टीम म्हणाली आउट. बोलणं सुरू झालं आणि त्यांची एक प्लेअर शांतपणे म्हणाली, "अर्ध्या तासापूर्वी तू तिकडे मागे गांजा ओढत होतास, तुला लाइन दिसली तरी का?" यावर आमच्यापैकी एकालाही काही बोलता आलं नाही, कारण ते खरं होतं आणि आम्ही सगळ्यांनीच ते बघितलं होतं. डिस्क परत गेली, पुढच्या थ्रोला टर्नओव्हर, म्हणजे डिस्क समोरच्या टीमकडे, आणि मॅच गेली. त्यात आमच्याच अजून एकाने शिव्या दिल्या आणि डिस्क जमिनीवर आपटली. मॅचनंतर दोन्ही टीम गोल करून उभ्या राहतात त्या स्पिरिट सर्कलमध्ये खांद्यावर हात टाकून उभं राहताना मला मान वर करवत नव्हती. समोरची टीम आपल्या खिलाडूवृत्तीला देते त्या स्पिरिट स्कोअरमध्ये पाच गोष्टींना 0 ते 4 मार्क असतात, नॉर्मल मॅचला प्रत्येकी 2. आम्हाला सेल्फ-कंट्रोलला 0 मिळाला, आणि तो बरोबरच होता.

कॉल खरा होता, तरी गेला. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे खरं तर. ज्या खेळात रेफरी आहे तिथे खेळाडू कसाही वागला तरी निर्णय देणारा माणूस वेगळा असतो, आमच्याकडे खेळाडूच निर्णय देतो, मग त्याच्यावरचा विश्वास गेला की खेळायचं कशाच्या जोरावर?

"गांजाने कुठे परफॉर्मन्स वाढतो, हे काय स्टेरॉइड आहे का" हे मी शंभर वेळा ऐकलंय. स्टेरॉइड नाहीये, मान्य. पण वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत कॉम्पिटिशनच्या काळात टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, बंद आहे, आणि तो काळ आदल्या रात्री 11:59 ला सुरू होतो. म्हणजे स्पर्धेआधीच्या रात्री उशिरापर्यंत चालणारी पार्टीसुद्धा त्यात येते. 2021 मध्ये धावपटू शकॅरी रिचर्डसन अमेरिकेच्या ऑलिम्पिक ट्रायल्समध्ये 100 मीटर जिंकली, गांजाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, एक महिन्याची बंदी लागली आणि टोकियो हुकलं. तिची आई नुकतीच गेली होती, मला तिच्याबद्दल आजही वाईट वाटतं आणि तो नियम जरा कठोर आहे असंही माझं मत आहे. पण नियम बदलायचा असेल तर तो मांडून बदलावा, साइडलाइनमागे लपून कसा बदलणार?

आणि एकाचं सगळ्यांना भोवतं हे तर जुनंच आहे. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या हान्स-गुन्नार लिल्येनवालने मॉडर्न पेंटाथलॉनमध्ये (पाच खेळांची एकत्र स्पर्धा) पिस्तुलाच्या राउंडआधी हात स्थिर राहावा म्हणून बिअर घेतली. ऑलिम्पिकमध्ये डोपिंगसाठी बाद झालेला तो पहिला खेळाडू, आणि टीमचं ब्राँझ परत द्यावं लागलं. सोबतच्या दोघांनी काय केलं होतं? काहीच नाही.

आमच्यासारख्या हौशी खेळात तर मेडलसुद्धा नसतं हो, फक्त नाव असतं. स्वतःच्या पैशाने प्रवास करायचा, विनवण्या करून ग्राउंड मिळवायचं, नवीन पोरांच्या घरच्यांना समजवायचं की हा खरा खेळ आहे, टाइमपास नाही. त्या सेमीफायनलला आमच्या सगळ्यात लहान प्लेअरचे आईवडील पहिल्यांदा बघायला आले होते. त्यानंतर ती प्रॅक्टिसला आलेली नाही. मी फोन केला तर तिची आई नीट बोलली, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाली की अजून थोडी मोठी होऊ दे. मी काय सांगणार होते त्यांना?

मी कुणाला टीममधून काढा म्हणत नाहीये. ज्याला खरंच सवय लागलीये त्याला हाकलून काय मिळणार, त्याच्यासोबत डॉक्टरकडे जायला मी तयार आहे, हे मनापासून सांगतेय. पण टूर्नामेंटच्या आदल्या संध्याकाळपासून शेवटच्या स्पिरिट सर्कलपर्यंत दारू नाही, गांजा नाही, हा नियम मी रविवारी प्रॅक्टिसनंतर टीमसमोर ठेवणार आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी या, समोर बसून बोलू, कॉन्टेस्ट करा.

त्या पोराशी मी बोललेय. बराच वेळ गप्प होता, मग एवढंच विचारलं, "ताई, पाय आत होता ना माझा?" मी म्हटलं होता रे, मी बघितला होता.