तास झाला नाही म्हणे

मी कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर, जेवढे तास घेतले तेवढेच पैसे अशा बोलीवर शिकवते. आज दुपारी ऑफिसमधून माझं तासांचं बिल परत आलं. दोन तारखांच्या चार तासांना लाल पेनाने गोल केलेत आणि बाजूला बारीक अक्षरात 'तास झाला नाही'. वर्ग, टॉपिक, हजर मुलं, सगळा तक्ता मी माझ्या हाताने रात्री बसून भरलेला आणि त्याच्यावर हे लाल गोल. घरी येऊन जेवले पण घास गोड लागला नाही.

का झाला नाही तास? तर त्या दोन दिवशी कॉलेजनेच कार्यशाळा ठेवली आणि सेकंड इयर, थर्ड इयरची सगळी पोरं उचलून हॉलमध्ये नेली. मी काय घरी झोपले होते का? आदल्या रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज, 'सर्व सीएचबी शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत पूर्णवेळ हॉलमध्ये थांबावे.' थांबले ना मी. दहा ते पाच, दोन्ही दिवस, मागच्या दाराशी उभी राहून पळणारी पोरं परत आत आणत होते, दोनशेच्या वर सर्टिफिकेटांवर नावं लिहिली, पाहुण्यांच्या चहाचं पण मीच बघितलं. त्या दोन दिवसांचा परमनंट लोकांचा पगार कापला का कुणी? मग माझेच चार तास कुठे गेले? क्लार्कभाऊ म्हणतात, "मॅडम, नियमात बसत नाही ओ, जेडी ऑफिसची ऑब्जेक्शन येते." जेडी म्हणजे उच्च शिक्षण सहसंचालक, बिलं त्यांच्याकडे जातात. मान वर न करता बोलले, तेच जास्त लागलं.

चार तासांचे २,८८० रुपये होतात. ३,६०० नाही, कारण ९०० रुपये हे साठ मिनिटांचे आणि आमचं लेक्चर ४८ मिनिटांचं, म्हणून ७२०. बारा मिनिटं बरोबर मोजता येतात यांना. पण ते लेक्चर तयार करायला रात्री दोन-दोन तास जातात ते कुठल्याच रकान्यात नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं आणि एकूण ४० तासांचं काम धरलंय, म्हणजे वर्गाबाहेरचं पण कामच असतं हे त्यांनाही कळतं. आमचं वर्गाबाहेरचं मात्र फुकट. जूनमध्ये ॲडमिशनच्या टेबलावर बसलो ते फुकट, कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फाईली रात्री आठपर्यंत लावल्या त्या फुकट. २०१९ मध्ये यूजीसीने गेस्ट फॅकल्टीला लेक्चरला १,५०० आणि महिन्याला ५०,००० पर्यंत द्या म्हणून सांगितलं, आमच्याकडे २०२२ ला ९०० झाले आणि तेवढ्यावरच गाडी थांबली.

आणि तेही पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात असं थोडंच आहे! ऑगस्टमध्ये शिकवलेल्याचे पैसे दिवाळी उलटून गेल्यावर आले. दुकानदाराला किती वेळा सांगायचं, बिल जेडीला गेलंय म्हणून? त्याला काय जेडी माहितीये!

सात वर्षं झाली. सात वेळा तीच जाहिरात, तीच मुलाखत, तेच 'कायम नोकरीचा हक्क सांगणार नाही' असं लिहून द्यायचं, ते पूर्वी शंभरच्या स्टॅम्पवर व्हायचं, आता पाचशेचा घ्यावा लागतो आणि तो पण आपल्याच खिशातून. प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा, नेट झाली, सेट झाली. पीएचडी पण केली, कारण तेव्हा सगळीकडे हेच की २०२१ पासून विद्यापीठातल्या जागांना पीएचडीशिवाय उभंच करणार नाहीत. पोरगं दीड वर्षाचं असताना आईकडे ठेवून थिसिस लिहिला मी. मग ती अट २०२३ पर्यंत पुढे ढकलली आणि जुलै २०२३ ला काढूनच टाकली. पीएचडी केल्याचं दुःख नाही, पण कुणी तरी एकदा ठरवा ना काय हवंय ते, आमची वयं चाललीत.

अनुभवाचं तर बोलायलाच नको. पुढे प्रमोशनला मागची सर्व्हिस धरायची तर तेव्हाचा पगार रेग्युलर माणसापेक्षा कमी नको, असा नियम. ५७,७०० बेसिकवाल्याच्या बरोबरीने सीएचबीवाल्याला कोण देणार आहे? म्हणजे पगार कमी दिला यांनी आणि सात वर्षं वाया गेली माझी.

२०२१ ला प्राध्यापकांच्या २,०८८ जागांना मंजुरी मिळाली तेव्हा वाटलं होतं, आता होईल. एका संस्थेत मुलाखतीला गेले तर आत जायच्या आधी व्हरांड्यातच एक जण जवळ येऊन विचारतो, "मॅडम, तयारी किती आहे?" मी वेड्यासारखी सिलॅबस सांगायला लागले. तो पैशांचं विचारत होता.

मागच्या आठवड्यात टोपोशीटवर, म्हणजे भूगोलाच्या नकाशावर, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा शिकवत होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी, जिला रेषा जवळ आल्या की उतार तीव्र हे तीन वेळा सांगून कळत नव्हतं, तिने स्वतः क्रॉस सेक्शन काढून दाखवलं, अगदी बरोबर. आणि वही मिटता मिटता विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्हीच असणार ना?" काय सांगू तिला? जूनमध्ये जाहिरात येईल तेव्हा कळेल, असं सांगू? 'हो' म्हणाले आणि रजिस्टर उचलून बाहेर आले.

बिलावर सही केलेली नाही. क्लार्कभाऊ म्हणाले, चार तास वगळून नवीन करून आणा, लगेच पुढे पाठवतो. नाही करणार. त्या रात्रीच्या मेसेजची प्रिंट काढलीये, साडेदहाची वेळ स्पष्ट दिसतीये, सोमवारी तीच या बिलाला टाचून परत टेबलावर ठेवणार आहे.