हजेरीपत्रकावरील सही आणि ‘संमती’ची अफवा

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला. ती राहते त्या शहराची नगरपरिषद ‘क’ वर्गाची आहे, म्हणजे लोकसंख्या 40,000 च्या आत. शहराची विकास योजना, लोकांच्या बोलण्यातली डीपी, सुधारित करण्याचे काम तिथे सुरू झाले असून पुढील वीस वर्षांत शहराला काय हवे आणि त्यात आधी काय हवे, हे ठरवण्यासाठी मुख्याधिकारी आणि नगराध्यक्षांनी नागरिकांची बैठक बोलावली होती. आत्या बैठकीला गेली, घरामागच्या नाल्याविषयी चार वाक्ये बोलली आणि निघताना हजेरीपत्रकावर सही करून आली. फोनवर तिने एवढेच विचारले, ‘अरे, सही करून बसले आहे मी, ती आता मागे घेता येते का?’

हजेरीच्या सहीत मागे घेण्यासारखे काय असते, हे मला कळेना. मग तिने तो संदेश पाठवला, जो तिला भिशीच्या गटावरून आला होता आणि त्यानंतर दोन दिवसांत मला आणखी तीन ठिकाणांहून आला. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: अशा बैठकांना जाऊ नका, कारण ‘कलम 26 नुसार’ हजेरीपत्रकावरील सही ही तुमच्या जमिनीवर आरक्षण टाकण्यास, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवण्यास, दिलेली संमती समजली जाते, हरकतीचा अर्ज दिल्यास तुमचे नाव यादीत जाते आणि घरपट्टी वाढते, हरकतींचा उपयोग तसाही नसतो, सगळे आधीच ठरलेले असते, आणि लहान शहराने उद्दिष्टे ठरवणे हा पोरखेळ आहे, कारण पैसा वरून येतो. शेवटी, दहा नातेवाइकांना पाठवा.

पहिल्या मुद्द्यावर सर्वाधिक लिहावे लागेल, कारण तो सर्वांत हास्यास्पद आहे आणि सर्वांत अधिक नुकसानही तोच करतो. संदेशकर्त्याने कायद्याचे नाव दिलेले नाही, केवळ कलमाचा आकडा दिला आहे. राज्यात विकास योजना ज्या कायद्याने होते तो ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966’, आणि त्यात कलम 26 खरोखरच आहे. ते काय सांगते? प्रारूप, म्हणजे कच्ची, विकास योजना तयार झाली की नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे इथे नगरपरिषदेने, राजपत्रात सूचना प्रसिद्ध करावी, योजनेची प्रत लोकांना कुठे पाहता येईल ते तीत सांगावे, प्रमाणित उतारे वाजवी किमतीत विकत मिळतील अशी सोय करावी आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्यात. ज्या कलमाचा धाक घालून लोकांना गप्प बसवले जात आहे, ते कलम लोकांना बोलण्याचा अधिकार देणारे आहे. हे अज्ञानातून झाले असेल तर ते फार सोयीचे अज्ञान आहे.

आता संमतीविषयी. आत्याला हे सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली, कारण खरी गोष्ट अफवेपेक्षा कडू आहे: जमिनीवर आरक्षण दर्शवण्यासाठी मालकाची संमती कायद्याला लागतच नाही. शाळा, उद्यान, दवाखाना, रस्ता यांसाठी कोणती जमीन ठेवायची हे नियोजन प्राधिकरण आपल्या अधिकारात प्रस्तावित करते, आणि मालक बैठकीला आला होता की घरी बसला होता, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. जी संमती लागतच नाही, ती हजेरीपत्रकावर सही घेऊन चोरून मिळवण्याचा खटाटोप कोण कशाला करील? मालकाच्या हाती असते ती हरकत, आणि हा संदेश नेमकी तीच हातातून काढून घेतो. घाबरून घरी बसलेल्या माणसाच्या जमिनीवर आरक्षण पडले, तर त्याने वेळेत काहीही म्हटलेले नसते आणि नंतर म्हणण्यासाठी त्याला फार लांबचा, बहुधा न्यायालयाचा, रस्ता धरावा लागतो.

आरक्षण पडले म्हणजे जमीन गेली, हेही खरे नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचे नाव आरक्षणाने बदलत नाही. जमीन प्रत्यक्ष ताब्यात घ्यायची तर त्याच अधिनियमाच्या कलम 126 मध्ये तीन मार्ग दिले आहेत: मालकाशी करार करून रक्कम देणे, रकमेऐवजी चटईक्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देणे, किंवा राज्य शासनामार्फत भूसंपादन कायद्याने संपादन करणे. या तिन्ही मार्गांत कागद, मोबदला आणि नोटीस येते. हजेरीपत्रक कुठेच येत नाही. शिवाय अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर कलम 127 खाली मालक ‘जमीन विकत घ्या’ अशी खरेदीची सूचना प्राधिकरणाला बजावू शकतो, आणि त्यानंतर कायद्याने दिलेल्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. शंभर रुपयांवरील स्थावराची विक्रीसुद्धा नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे ज्या देशात घर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तिथे अनुक्रमांक, नाव, पत्ता, भ्रमणध्वनी आणि सही अशा पाच रकान्यांच्या कागदाने जमीन जाते, यावर लोकांचा विश्वास बसावा याचे मला अजूनही नवल वाटते.

तरीही या मुद्द्यात एक कण खरा आहे, आणि तो नाइलाजाने मान्य करतो. हजेरीपत्रकाचा गैरवापर होऊ शकतो, पण तो असा नव्हे. ‘इतक्या नागरिकांच्या उपस्थितीत लोकसहभागाने उद्दिष्टे निश्चित करण्यात आली’ असे वाक्य अहवालात घालायला त्या सह्या कामी येतात, मग त्यांतल्या निम्म्या लोकांनी बैठकीत विरोध का नोंदवला असेना. त्यावर उपाय बैठकीला न जाणे हा नाही. आपण मांडलेला मुद्दा इतिवृत्तात आला आहे का ते पाहावे, आणि तोच मुद्दा लेखी अर्जात लिहून आवक विभागात द्यावा व दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यावा. कागदाच्या माथ्यावर बैठकीचा विषय व तारीख नसेल तर सही करू नये, हेही योग्यच. कोऱ्या कागदावर सही करू नये हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

घरपट्टीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. नगरपरिषदेची कर आकारणी वेगळ्या कायद्याने, म्हणजे 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने होते, तिची दर चार वर्षांची फेरआकारणी शहरातील सर्वच मालमत्तांची होते आणि तिच्यावर हरकत घेण्याची सोयही स्वतंत्र आहे. नगररचनेच्या फायलीतील अर्ज पाहून एखाद्याची घरपट्टी वाढवावी, अशी तरतूद त्यात कुठेही नाही.

‘सगळे आधीच ठरलेले असते’ हा तिसरा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही, कारण तो अनुभवातून आलेला आहे. खेड्याला ग्रामसभा आहे आणि राज्यघटनेत तिचा उल्लेख आहे. शहराला तसे काही नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने, जी 1 जून 1993 पासून अमलात आली, प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. आत्याचे शहर त्या उंबरठ्याच्या आसपासही नाही. त्यामुळे उद्दिष्टे ठरवण्यासाठी बोलावलेली ती बैठक ही नगराध्यक्ष आणि मुख्याधिकाऱ्यांची सदिच्छा आहे, तिथे झालेला निर्णय कुणावर बंधनकारक नाही, आणि उद्या दुसरे मुख्याधिकारी आले तर त्यांनी ती यादी कपाटात ठेवली तरी त्यांना कायद्याने जाब विचारता येणार नाही. त्यात 2025 च्या डिसेंबरात निवडणुका होईपर्यंत अनेक नगरपरिषदांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होता, म्हणजे दार ठोठावायला नगरसेवकही नव्हता. एवढे पाहिलेला माणूस ‘काही उपयोग नाही’ म्हणाला तर त्याला मी दोष देणार नाही.

पण बैठक आणि हरकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संदेशाने त्या जाणूनबुजून किंवा आळसाने एकत्र कालवल्या आहेत. बैठक बंधनकारक नाही. हरकतीची प्रक्रिया बंधनकारक आहे. योजना तयार करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हा कलम 23 खाली एकदा, प्रारूप योजना प्रसिद्ध होते तेव्हा कलम 26 खाली दुसऱ्यांदा, आणि शासनाने मंजुरी देताना मोठ्या स्वरूपाचे बदल सुचवले तर कलम 31 खाली पुन्हा लोकांकडून लेखी म्हणणे मागवावे लागते. मधल्या टप्प्यावर कलम 28 प्रमाणे नियोजन समिती बसते, तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेचे विशेष ज्ञान वा अनुभव असलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्ती असतात, आणि हरकत घेणाऱ्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे या समितीचे काम आहे. अर्जाच्या शेवटी ‘प्रत्यक्ष सुनावणी मिळावी’ ही ओळ न विसरता लिहावी. हरकतीची मुदत नोटिशीत छापलेली असते, ती तिथेच वाचावी. गटावर आलेल्या तारखेवर विसंबू नये.

हरकतींनी काही होत नाही म्हणणाऱ्यांनी मुंबईचे 2015 साल आठवावे. फेब्रुवारीत त्या शहराची 2034 पर्यंतची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली, चुकांची यादी वाढत गेली, हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना ती मागे घेऊन दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित प्रारूप 2016 मध्ये पुन्हा लोकांपुढे आले. मुंबईत वर्तमानपत्रे आहेत, वास्तुविशारदांच्या संघटना आहेत, आणि आत्याच्या शहरात एक झेरॉक्सचे दुकान व दोन वकील आहेत, हे मला कळते. हरकतीचा आवाज शहराच्या आकाराप्रमाणे लहानमोठा होतो. पण चाळीस हजारांच्या शहरात एका गल्लीतील साठ घरांनी एकाच नाल्याविषयी साठ अर्ज दिले, तर ते समितीला दिसणार नाहीत असे होत नाही. एका अर्जावर साठ सह्या आणि साठ स्वतंत्र अर्ज यांत फरक पडतो, हे आवक विभागातील कोणताही कर्मचारी खासगीत सांगेल.

राहिला पैशाचा मुद्दा. लहान नगरपरिषदांचा गाडा शासनाच्या अनुदानावर चालतो, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘वरून येतो’ म्हणजे वापर वरून ठरतो असे नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांपेक्षा लहान शहरांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील होता व उरलेला 40 टक्के अबंधित. बांधील पैशातही कोणती जलवाहिनी आधी बदलायची, कचऱ्याची गाडी कोणत्या वस्तीत रोज जाईल, हे गावातच ठरते. शहराने आपली गरज ठरवलेली नसेल, तर त्या रकमेतून काय होते हे प्रत्येकाने आपापल्या गावी पाहिलेले आहे: प्रवेशद्वारावर कमान होते, चौकात कारंजे होते आणि पहिल्या उन्हाळ्यात ते बंद पडते. उद्दिष्टे ठरवणे हा पोरखेळ म्हणणाऱ्याला कारंजे चालते, असा माझा समज झाला आहे.

आत्याला मी सही मागे घ्यायला पाठवले नाही, नगरपरिषदेत नकाशा पाहायला पाठवले. योजना आखण्यापूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करणे कलम 25 प्रमाणे आवश्यक असते, आणि प्रस्तावांचा पाया तोच असल्यामुळे त्यातली चूक पुढे प्रत्येक नकाशात उतरते. तिथल्या नगररचना सहायकाने टेबलावर तो उलगडून दिला, चारही कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले, आणि आत्याने चष्मा काढून, पुन्हा लावून आपला गट क्रमांक शोधला. तिच्या अडीच गुंठ्यांवर, जिथे 1998 पासून घर उभे आहे, नकाशा ‘रिकामी जमीन’ दाखवत होता. नाला मात्र अगदी बरोबर जागी होता.

दुसऱ्या दिवशी तिने घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिल जोडून अर्ज दिला. आवक शिक्क्याचे छायाचित्र तिने मला पाठवले आणि मग, मला न विचारता, भिशीच्या त्याच गटावर टाकले. संध्याकाळपर्यंत चार जणींनी तिला विचारले, की नकाशा कोणत्या खोलीत पाहायला मिळतो.