‘आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

‘वादळात लाइट आणि पाणी गेलं तर घर तीन दिवस कसं चालवायचं’ या माझ्या लेखाखाली परवा रात्री तुमची प्रतिक्रिया आली. एकदा वाचली, हातातलं काम ठेवून पुन्हा वाचली, आणि दोन ओळींत उत्तर देऊन विषय मिटवायचा नाही असं ठरवलं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी इथे देते. तुम्ही लिहिलंत, “ताई, माठ भरून ठेवा हे सांगायला आता लेख लागतो का? आमच्या आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं.” त्याखाली तीन मुद्दे आहेत. इन्व्हर्टरचा माझा हिशोब चुकलाय. एका खोलीत भाड्याने राहणाऱ्याने २०० लिटरचा ड्रम ठेवायचा कुठे? आणि गावाच्या पंपाला जनरेटर मागायचं सोडून मी घराघराला ड्रम विकत घ्यायला लावतेय.

इन्व्हर्टरचं तुमचं बरोबर आहे, ते आधीच मान्य करते. १५० अँपिअर-अवरची बॅटरी, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. साधे दोन पंखे ७५ वॅटचे आणि ९ वॅटचे चार दिवे, सगळे मिळून १८६ वॅट. मी सरळ भागाकार केला आणि जवळपास दहा तास लिहिले. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली नाही, बॅटरी पार तळापर्यंत उपसायची नसते हेही धरलं नाही. खरा आकडा सहा ते सात तासांचा आहे. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे असतील, तीसेक वॅटचे, तर त्याच बॅटरीवर बारा तासांच्या आसपास निघतात. चूक माझी.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येते.

तुम्ही मला ताई म्हणालात. आमच्याकडे कोणाला ताई म्हणताना माणसाचा आवाज जरा खाली येतो. तुमच्या वाक्यातली ताई तशी नाही, ती समोरच्या बाईला गप्प बसवायला वापरलेली आहे. ‘हे सांगायला आता लेख लागतो का’ असं एखाद्या पुरुषाच्या शेतीवरच्या लेखाखाली मी अजून वाचलेलं नाही. पाणी भरणं, साठवणं, पुरवणं हे बायकांचं काम, ते त्यांना जन्मतःच येतं, त्यावर लिहिण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटतं. तुम्ही तसे शब्द वापरलेले नाहीत, पण वाक्याचा अर्थ तोच होतो. मला त्याचा राग आला आणि तो मी लपवणार नाही.

आजी मलाही होती. अमळनेर तालुक्यात, बोरी नदीजवळच्या गावात. धाब्याचं घर, मातीच्या जाड भिंती, वर लाकडावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेर डोळे उघडत नसत आणि आत मधल्या खोलीत दुपारी झोप लागायची. परसात अर्धा जमिनीत पुरलेला रांजण होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर यायची, पाणी भरून तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवून पूजा व्हायची. त्या दिवसापासून आजी रोज दिवेलागणीला एकच प्रश्न विचारायची, “घरमा पानी शे का?” झोपायच्या आधी रांजण भरलेला पाहिजे, हा तिचा नियम होता. रात्रीबेरात्री कोणी आलं तर? आग लागली तर? तुमच्या आजीचाही असाच काही नियम असेल. मला त्याचा आदर आहे.

पण भाऊ, आजीच्या घरात वादळ आलं तर बंद काय पडायचं, याचा तुम्ही विचार केलात का? चूल लाकडांवर, उजेड कंदिलाचा, दळण जात्यावर. विहिरीला रहाट आणि दोर. पत्रे कोणाचे तरी उडायचे, झाड पडायचं, पण पाणी जिथे होतं तिथेच असायचं आणि ते वर काढायला दोन हात पुरायचे. आजीचं घर तारेला बांधलेलं नव्हतं.

माझं आहे, आणि तुमचंही असणार. लग्न होऊन मी यावल तालुक्यात आले, केळीच्या पट्ट्यात. इथली विहीर माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी हाताने उपसायची. आता ती कोरडी आहे आणि तिच्या बाजूला बोअर आहे. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अतिशोषित तालुक्यांत मोजले जातात, ते काही उगाच नाही. आमच्या बोअरची मोटर तीनशे फुटांवर सोडलेली आहे. तिथे दोर जात नाही आणि पोहराही जात नाही. लाइट गेली की त्याच मिनिटाला पाणी गेलं, फक्त गच्चीवरची टाकी संपेपर्यंत ते कळत नाही. गावाच्या जलकुंभाचंही तेच, तोही मोटरनेच भरतो. पीठ गिरणीत, गिरणी लाइटवर. वर सिमेंटचा स्लॅब, तो दिवसभर तापतो आणि रात्री एकपर्यंत खोलीत आग ओततो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलर ही चैन उरत नाही, आणि कूलरला लाइटही लागते आणि पाणीही. आजीला जे कोणी शिकवलं नव्हतं ते या घराचं नव्हतंच. या घरात कसं निभवायचं हे तिलाही नव्याने शिकावं लागलं असतं.

मला तर शिकावंच लागलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मृग लागायला चार-पाच दिवस होते. दुपारी साडेचारला पश्चिमेकडून धूळ उठली आणि वीस मिनिटांत आमच्या शिवारातली घडावर आलेली केळी आडवी झाली. खांब पडले, तारांवर निंबाच्या फांद्या. लाइट तीन रात्री नव्हती. पहिल्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या अंघोळी केल्या. वादळानंतर अंगभर धूळ होती आणि “येईलच रात्रीतून” असं सगळे म्हणत होते. अर्धी टाकी तिथेच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी नळाने हवा सोडली. गावातल्या हापशावर रांग, पाणी गढूळ, आणि घरात पाच माणसं.

सासऱ्यांना इन्सुलिन चालू होतं. नव्या दोन बाटल्या फ्रीजमध्ये. फ्रीज बंद ठेवला तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो, हे मला माहीत नव्हतं. मी दर अर्ध्या तासाने दार उघडून बाटल्यांना हात लावून बघत होते. काळजीपोटी मीच थंडावा घालवत होते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडलेली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण ते ‘बाहेर’ म्हणजे फार तर ३० अंश. आमच्या स्वयंपाकघरात त्या रात्री किती अंश असतील हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. मोबाइलची बॅटरी संपता संपता डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा छोट्या माठात पाण्यावर ठेवा. माठ सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी. बर्फ मिळाला तरी बाटलीला लागू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं.

म्हणजे शेवटी माठच कामाला आला. पण कशासाठी आणि कसा, हे मला कोणीतरी सांगावं लागलं. आजीने माठात कधी इन्सुलिन ठेवलं नव्हतं. मी तीन तास रडकुंडीला आले होते, समोर माठ होता आणि मला सुचत नव्हतं. म्हणून तो लेख लिहिला. शिवाय पाऊस पडून हवा दमट झाली की माठ पूर्वीसारखा गार राहत नाही. हे लेखात लिहायचं राहून गेलं होतं, ते आता घालते.

चौथ्या दिवशी लाइट आली, गेली, पुन्हा आली. शेजारच्यांचा टीव्ही आणि फ्रीज त्या पाच मिनिटांत जळाले. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटलेला असला की २३० व्होल्टच्या घरात चारशेच्या जवळपास दाब येऊ शकतो. लाइट गेली की मेन स्विच पाडायचा. आल्यावर आधी एक दिवा लावून बघायचा, तो नेहमीसारखा आणि स्थिर जळतोय याची खात्री झाली की मगच फ्रीज आणि मोटर. हेही आजीला कोणी शिकवलं नव्हतं, कारण तिला त्याची गरज नव्हती.

आणि साठवणीचंच बोलायचं तर आजी रांजण दर दोन दिवसांनी उपसून घासायची. प्लास्टिकचा ड्रम आपण भरतो आणि विसरतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. आरोग्यसेवक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून दारोदार सांगतात ते यासाठी. झाकण घट्ट, आठवड्याला ड्रम रिकामा, आतून घासून कोरडा, मग पुन्हा भरायचा. वादळाची तयारी म्हणून ड्रम ठेवला आणि श्रावणात घर तापाने आडवं झालं, असं होऊ नये म्हणून मी त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. तुम्ही तो वाचलात का, मला शंका आहे.

पाणी नुसतं असून चालत नाही, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. २०२१ च्या ३१ ऑगस्टला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर घरांत आणि दुकानांत शिरला. माझी मावसबहीण तिथे होती. चहूकडे पाणी आणि प्यायला तांब्याभर नाही. अशा वेळी गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवायची, ते निवळू द्यायचं, वरचं पाणी काढून घ्यायचं, आणि मग उकळायचं किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालायचं. निवळलेल्या १००० लिटरला चांगली ताजी पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला अर्धा ग्रॅम, आणि प्यायच्या आधी अर्धा तास थांबायचं. नुसती पावडर गढूळ पाण्यात टाकली तर ती गाळावरच खर्च होते. हे मी कोणाच्या आजीकडून ऐकलेलं नाही, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून विचारून घेतलं.

तुमचे उरलेले दोन मुद्दे. एका खोलीत ड्रम मावत नसेल तर वीस लिटरचे तीन जार पलंगाखाली सरकवा. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला माणशी चार लिटर धरले तर तीन दिवसांचे साठ लिटर होतात. वापरायच्या पाण्याचं ज्याला जसं जमेल तसं. प्रत्येक घराला पुरेल असा लेख कोणालाच लिहिता येत नाही. आणि जनरेटरचं म्हणाल तर जरूर मागा, ग्रामसभेत मीही मागेन, पण तो वेगळा विषय आहे आणि मी त्यावर लिहिलेलं नव्हतं. न लिहिलेल्या लेखाबद्दल मला जाब विचारू नका.

तुमच्या नावाखाली पुणे लिहिलंय. तुम्ही गाव कधी सोडलंत हे मी विचारणार नाही, तो तुमचा प्रश्न. पण तुम्हाला आजीचा माठ आठवतो आणि तिच्या विहिरीचं पुढे काय झालं ते माहीत नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून मला दिसलं. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा त्या विहिरीत वाकून बघा, एवढं मात्र सांगते. हे कडू वाटलं तर वाटू द्या. तुमचंही मला वाटलं होतं.

लेखातला दहा तासांचा आकडा काढून सहा ते सात केला आहे आणि दुरुस्ती वाचकाने सुचवली असं खाली लिहिलं आहे. माठातल्या इन्सुलिनच्या परिच्छेदात दमट हवेचं वाक्य वाढवलं आहे. तार पडलेली दिसली तर जवळ न जाता १९१२ ला फोन करायचा, ही ओळ शेवटी होती ती वर आणली. माठ भरून ठेवा हे वाक्य होतं तिथेच आहे आणि तिथेच राहील.