मागच्या खुर्चीवरनं दिसंल असं दाखवा की राव!

डोकं फिरलंय नुसतं. काल पूर यायच्या आधी काय तयारी करायची यावर व्याख्यान होतं, म्हणून दुकान लवकर बंद करून गेलो, शेजारच्या मावशी पण आल्या, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा त्यांच्या घरात पाणी शिरलेलं, त्यांना एवढंच पाहिजे होतं की आमच्या कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं की सामान हलवायचं. आणि स्क्रीनवर काय, तर अख्खी एक्सेल शीट! वीस-बावीस ओळी, अक्षर मुंगीएवढं, त्यात पांढऱ्यावर पिवळं. मावशी विचारत्यात, "बाळा, काय लिवलंय रे तितं?" मलाच दिसंना तर त्यांना काय सांगू?

वक्ते आमच्याकडं पाठ करून सगळं वाचत सुटलेले. अहो वाचायचंच होतं तर झेरॉक्स वाटायच्या, घरी निवांत वाचलं असतं. माणूस एकतर वाचतो नायतर ऐकतो, दोन्ही एकदम कसं जमंल?

इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे दोन आकडे एका स्लाइडवर भिंतीएवढे लिहा, बास! राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, एक उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं, ह्याचं साधं चित्र काढलं असतं तर शाळेतल्या पोराला पण कळलं असतं. तिथं धरणाच्या ड्रॉइंगचा काळपट स्कॅन.

आणि मधल्या चार स्लाइडवर तर मराठीच गायब! जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, हॉलच्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नाही, मग नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबांची खिचडी. युनिकोडमध्ये टाइप करायला काय होतंय? नायतर फॉन्टसकट पीडीएफ करून आणा, अक्षर हलत नाही. अर्धा तास आधी येऊन शेवटच्या खुर्चीवर बसून एकदा बघितलं असतं तरी सगळं ध्यानात आलं असतं.

जास्त राग कशाचा येतोय, तर त्या माणसाला सगळं माहीत होतं. शेवटी प्रोजेक्टर बंद झाल्यावर एका आजोबांनी प्रश्न विचारला तर हातवारे करून दोन मिनिटांत इतकं झकास समजावलं, पण तोवर अर्धा हॉल उठून गेलेला की हो.

मावशी पण गेलेल्या. रात्री त्यांच्या घरी जाऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं जाड मार्करनं ३९ आणि ४३ लिहिलं आणि दाराला चिकटवून आलो.