नुसतं 'शुद्धलेखन सुधारा' म्हणजे काय करायचं?

परत तेच! लेकीची निबंधाची वही आली आणि खाली लाल शाईत तोच शेरा: 'शुद्धलेखन सुधारा. अक्षर नीट काढा.' बस्स. दहापैकी ५.

निबंध पावसाळ्यावर होता. सातवीतल्या पोरीनं लिहिलं होतं, 'विहीरीत पाणी वर आलं की आजी दोर कमी सोडते.' अहो, हे तिनं स्वतः पाहिलंय! त्या अख्ख्या वाक्यात बाईंना फक्त 'विहीरीत' दिसलं. त्याला गोल केला आणि पुढे गेल्या. 'विहीर'मधली दीर्घ 'ही' 'विहिरीत' म्हणताना ऱ्हस्व होते, तसंच 'फूल'चं 'फुलात' होतं, हे समासात लिहायला कितीसा वेळ लागतो? एका ओळीत तिला नियम कळला असता. आता ती मला विचारते, "आई, 'विहीर' चुकीचं आहे का?"

साठ-साठ वह्या तपासायच्या, वर शाळेबाहेरची कामं, हे मला मान्य आहे. मग दहा चुकांना गोल करू नका, एकच समजावून सांगा. आणि एखाद्या चांगल्या वाक्याखाली रेघ ओढा हो! पोरं ती रेघ वर्षभर जपतात.

गेल्या महिन्यात हिच्या मैत्रिणीनं गाइडमधला निबंध जसाच्या तसा उतरवला. त्याला 'छान' मिळालं. काल रात्री माझी लेक कपाटातून गाइड काढून बसली होती. पोटात तुटलं माझ्या.