शिगेलाचा पाहुणचार, सोलापुरी थाटात

बॅरलमधून पाणी घेताना तांब्या मनगटापर्यंत बुडवा. लांब दांड्याचं ओगराळं वापरणारी माणसं घाबरट असतात, त्यांच्या नादी लागू नका. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणजे साठवणं आलंच. मग साठवलेल्या पाण्यात संडासातून थेट आलेला हात का घालू नये? साबण महाग झालाय.

शिगेला नावाचा जिवाणू (रक्ताची आव पाडतो तोच, १८९७ साली जपानमध्ये कियोशी शिगा यांना सापडला) तसा कमी अपेक्षांचा पाहुणा आहे. १० ते १०० जण पोटात पोचले तरी त्याचं भागतं. जठरातलं आम्लही तो निभावून नेतो.

कोणी टोकलंच तर छाती काढून म्हणा, "काय होत नाही बे, शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर पोसलेलं पोट आहे हे! पित्तरस कशाला दिलाय देवानं?" हे शास्त्रीय वाटतं आणि निम्मं खरंही आहे. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं. त्यातले क्षार चटणीवरच्या तेलाचे बारीक थेंब करतात आणि जाता जाता जिवाणूंचं आवरणही फोडतात. बरेचसे गडी तिथंच गारद होतात. उरलेलं निम्मं मात्र चारचौघांत बोलू नका, नाहीतर लोक हात धुवायला लागतील.

झालंय असं, की आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंनी ही गोष्ट कधीच पचवली आहे. आपण नळाला मोटर लावून पाणी खेचतो, तशी त्यांच्या आवरणातही मोटर असते, फक्त ती बाहेर फेकते. पित्त आत शिरलं की उपसून टाकलं. पित्त जितकं लागेल तितकी ती जोरात चालते. पॅथॉलॉजी लॅबवाल्यांना हे पाठ असतं. जिवाणू वाढवायची मॅकॉन्की नावाची थाळी असते, तिच्यात ते पित्त-क्षार मुद्दाम घालतात. नाजूक जिवाणू तिथं उगवतच नाहीत, आतड्यातली मंडळी मात्र मजेत वाढतात. ई. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूचे ठिपके गुलाबी, शिगेलाचे फिकट, बिनरंगी.

शिगेलाला तर पित्त म्हणजे गाव आल्याची पाटीच. पेशीत घुसायची त्याची सुई असते, तिच्या टोकावरच्या प्रथिनाला पित्त-क्षार चिकटला की सुई पुढच्या कामाला सज्ज होते. प्रयोगशाळेत पित्त-क्षार घातले की हे जिवाणू एकमेकांना धरून चिकट थर करतात, त्याआड निवांत बसतात. क्षार काढून घेतले की थर मोडून सुटे होतात. आपलं लहान आतडं संपता संपता बहुतेक पित्त-क्षार शोषून घेतं आणि पुढं मोठं आतडं लागतं. आव तिथंच होते. वेळ साधणं म्हणतात ते हे.

पोटात मुरडा येऊन रक्त पडायला लागलं की डॉक्टरकडे मुळीच जाऊ नका. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणा. आतड्याची हालचाल मंदावली की पाहुण्यांना मुक्काम वाढवून मिळतो. ओआरएस पोरासोरांसाठी असतं असं ठणकावून सांगा. अँटिबायोटिक घ्यायचंच झालं तर शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातलं घ्या, आणि दोन दिवसांत बरं वाटलं की सोडा. ती मघाची मोटर काही अँटिबायोटिकंही बाहेर फेकते, तिला तेवढाच सराव.

एवढ्यावर समाधान होत नसेल तर टायफॉइडच्या जिवाणूकडे वळा. तो काही जणांच्या थेट पित्ताशयातच बिऱ्हाड करतो, खड्यांवर थर धरून वर्षानुवर्षं राहतो. घरमालकाला काही जाणवत नाही, जिवाणू मात्र विष्ठेतून बाहेर पडत राहतात. न्यूयॉर्कची मेरी मॅलन अशीच ठणठणीत होती, आणि पेशानं स्वयंपाकीण. तुमच्या घरात असं कोणी निघालं तर गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे येतील तेव्हा त्या घरच्या माणसाला चुलीजवळ बसवू नका, तिथं सगळं शिजतं. कोशिंबीर चिरायला द्या.